नाव कमी केल्याचा दाखला

चिपळूणच्या स्टँडवर मला सोडायला आलेला भाऊ गाडी हलेपर्यंत एकच प्रश्न विचारत होता, "एवढ्याशा रजेतले चार दिवस तू भूमला घालवणार? तिथं आहे काय?" खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या घरातलं कुणी बार्शीच्या पलीकडं गेलेलं नव्हतं. नकाशात भूम शोधताना माझं बोट दोनदा बीडला जाऊन आलं. पण पिशवीत अनुराधानं दिलेली कागदांची फाईल होती आणि तिला शब्द देऊन बसले होते.

अनुराधा गायकवाड माझ्याबरोबर जर्मनीत एका वृद्धाश्रमात काम करते. मी तिथं नऊ वर्षं नर्स आहे, ती येऊन दोन वर्षं होत आली. ती भूम तालुक्यातली, मी कोकणातली. इकडं असतो तर एकमेकींना ओळखही दाखवली नसती. तिकडं मात्र मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे सख्ख्या बहिणींसारखं भांडतो.

तिकडं परक्या माणसाला काम मिळणं आणि काम करायचा परवाना मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इकडं कुणाला पटत नाही. परवान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं की ही बाई अमुक मालकाकडं, अमुक काम, अमुक तारखेपर्यंत करील. मालक बदलायचा तर आधी विचारायचं. बाहेरून आलेल्या नर्सला सुरुवातीला मदतनीस म्हणूनच घेतात. ठरलेल्या मुदतीत तिनं तिथली परीक्षा द्यायची आणि आपल्या इथल्या शिक्षणाला तिथल्या सरकारची मान्यता मिळवायची. मिळाली की पक्का परवाना, मग नवऱ्याला, मुलांना बोलावून घेता येतं. नाही मिळाली तर बॅग भरायची.

अनुराधा परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. भाषेत तर ती माझ्या चुका काढते. तिचं अडलं भलत्याच ठिकाणी. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर नाव होतं वंदना दगडू शिंदे आणि पासपोर्टवर अनुराधा महादेव गायकवाड. मान्यता देणाऱ्या कार्यालयातल्या बाईनं विचारलं, ही वंदना कोण? लग्नानंतर आडनाव बदलतं हे तिला समजत होतं, त्यांच्याकडंही बायका बदलतात. पण मूळ नावच कसं बदललं? लग्नात, हे उत्तर तिच्या डोक्यात काही शिरेना. आपल्याकडं नवरीला सासरी नवं नाव देतात हे मीही सांगून पाहिलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कागद मागितला. प्रतिज्ञापत्र चालेना, कारण ते अनुराधानंच स्वतःबद्दल सांगितलेलं. राजपत्रात आज नाव छापून आणलं तर ते आजचं. त्यांना हवा होता त्या वेळचा सरकारी कागद, ज्यात दोन्ही नावं एकत्र असतील. परवान्याचे दहा आठवडे उरले होते. अनुराधाची रजा परीक्षेच्या तयारीत संपलेली, म्हणून माझ्या रजेवर हे काम आलं.

पुण्याहून भूमची गाडी पकडली. बार्शी सोडल्यावर खिडकीबाहेर जे सुरू झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मोकळं रान, आणि ते संपतच नव्हतं. आमच्याकडं नजर पन्नास पावलं गेली की एखाद्या डोंगराला नाहीतर फणसाला अडते. इथं ती जाते ती जातेच. ज्वारी गुडघ्याएवढी झालेली, मध्ये तुरीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे, बांधावर एखादं लिंबाचं झाड (आमच्याकडं आम्ही त्याला कडुनिंब म्हणतो, इथं नुसता लिंब) आणि काळी जमीन. दिवाळी होऊन गेलेली, हवा कोरडी. माझे ओठ संध्याकाळपर्यंत फुटले.

भूमच्या स्टँडवर अनुराधाचा नवरा महादेव मोटारसायकल घेऊन उभा होता. उंच, सडपातळ आणि बोलायला भलताच काटकसरी. "आलात? बरं झालं, ताई," एवढं म्हणून त्यानं माझी बॅग पेट्रोलच्या टाकीवर ठेवली. वाटेत त्यानं फक्त एकदा तोंड उघडलं. "लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत केलेली हाय. उद्या कागद निघंल. तुमी काळजी करू नका." ते ऐकून मी इतकी निश्चिंत झाले की उरलेला रस्ता नुसती रानं बघत बसले. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात धूर होता. हा भाग खव्याचा. महादेवचीही भट्टी आहे, मोठ्या कढईत दूध घोटून घोटून खवा काढतात. त्यानं द्रोणात गरम खवा दिला. मी दोन द्रोण खाल्ले आणि तिसऱ्याला नको म्हणाले ते फक्त लाजेखातर.

अनुराधाच्या सासूबाई, गंगूबाई, चुलीपुढून उठल्याच नाहीत. तिथूनच माझी पूर्ण तपासणी करून म्हणाल्या, "लईच वाळल्याली हायस. तिकडं जेवाय देत न्हाईत व्हय?" मग शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या, तिखट रश्श्यात शिजवलेल्या) आणि पातळ भाकरी समोर आली. भात विचारायची माझी छाती झाली नाही. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि अनुराधाची नऊ वर्षांची लेक खुदकन हसली. तिनं गुपचूप माझ्या ताटात दही वाढलं. दोन वर्षं तिनं आईला मोबाइलवरच पाहिलेलं. मला तिनं एकच प्रश्न विचारला, "तिथं शाळेत मराठी नसती न? मग म्या काय बोलू?" मी म्हटलं, तुझी आई शिकवील. ती समाधानानं मान हलवून झोपायला गेली. माझी चूळ भरून होईपर्यंत मला कळून चुकलं की उद्याचा कागद या पोरीचा आहे.

त्याआधी जेवताना मी गंगूबाईंना सुनेच्या नावाबद्दल विचारलं. "म्याच ठेवलं," त्या म्हणाल्या. "वंदना आमच्यात आधीच एक हुती, माझी थोरली लेक. एका घरात दोन वंदना कशा चालतील? हाक मारली की दोघी येत्याल." नवरी घरात आल्यावर देवापुढं ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. महादेवनं लिहिलं, अनुराधा. सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं, पेढे वाटले आणि वंदना संपली.

सकाळी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक चाळिशीचे, स्वेटर घातलेले, नीट बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी विवाह नोंदणीचं रजिस्टर काढलं आणि पाच मिनिटांत पान सापडलं. मी मनात गणपतीला नारळ बोलून टाकला. वर महादेव. वधूचं नाव वंदना दगडू शिंदे. त्याच्या खाली छापील रकाना: विवाहानंतरचे नाव. तो कोरा होता.

मी पान पुढं उलटलं. कोरा. मागं उलटलं. कोरा. त्या सालातल्या बहुतेक सगळ्या नवऱ्या त्या रकान्यात नव्हत्याच.

"असं कसं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता हे मला मान्य आहे.

ग्रामसेवकांनी चष्मा काढून पुसला. "ताई, इथं लग्न मांडवात दुपारी लागतं. सह्या तिथंच घेतात, साक्षीदार जेवून निघून जायच्या आत. नाव ठेवतात संध्याकाळी, घरात, देवापुढं. सही करताना नवरीला स्वतःलाच ठाऊक नसतं की तिचं नाव काय होणार. मग लिहिणार कोण?"

त्यात कुणाची चूक होती ते मला आजही सांगता येणार नाही. सरकारनं रकाना छापला, गावानं लग्न लावलं, दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं.

आमच्याबरोबर महादेवचे चुलते आले होते. बाबुराव. गावातल्या सगळ्या अडचणींवर यांच्याकडं उपाय असतो अशी त्यांची स्वतःची खात्री आहे. ते पुढं सरकले. "मोकळा रकाना हाय न? मग भरून टाका की. अनुराधा. चार अक्षरं. खरंच तर हाय, खोटं थोडंच लिव्हायचंय?" त्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलंसुद्धा. ग्रामसेवक पेनाकडं बघत राहिले. हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. महादेव माझ्याकडं बघत होता.

आता मी काय सांगणार होते? ते खरं होतं, शंभर टक्के. पण आमच्या गावात, म्हणजे जर्मनीतल्या, एक स्वयंपाकी होता. त्याला काम उत्तम येत होतं, फक्त अनुभवाच्या दाखल्यावरची तारीख कुणीतरी त्याच्या भल्यासाठी नंतर घातलेली. चार वर्षांनी ते उघडकीला आलं. परवाना गेला आणि परत यायची बंदीही झाली. त्याची बायको सामान बांधताना मी तिथं होते. मी बाबुरावांना म्हणाले, "आज लिहिलेलं अकरा वर्षांपूर्वीचं म्हणून द्यायचं नाही. ती तिथं दोन वर्षं एकही वाकडं पाऊल न टाकता राहिली आहे. आपण इथं बसून तिच्या पायाखालची जमीन काढायची नाही."

"मग चारच अक्षरांपायी तिचं परमिट गेलं तरी चालंल व्हय तुमास्नी?" बाबुराव म्हणाले. त्यांचा आवाज चांगलाच दुखावलेला होता. त्या क्षणी मी तिचं परमिट बुडवायला आलेली बाई वाटत असणार, आणि थोडंफार मलाही तसंच वाटत होतं.

ग्रामसेवकांनी पेन उचललं, झाकण लावलं आणि बाबुरावांच्या खिशात परत घातलं. मग महादेवला विचारलं, "रेशनकार्डावर नाव चढवलंय न तिचं?"

"व्हय. लग्नानंतर लगीच."

"कुठल्या नावानं?"

"अनुराधा."

"मग माहेरच्या कार्डावरून कमी झालंच असणार. नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडं चढत नाही. दाखला देताना तिकडचा कारकून दोन्ही नावं लिहितो, नाहीतर एकच बाई दोन गावांत गहू उचलंल." ते माझ्याकडं वळले. "माहेर कुठं?"

"तुळजापूर," महादेव म्हणाला.

"तिथल्या तहसीलच्या पुरवठा विभागात रजिस्टर असंल. अर्ज कार्डधारकानं करायचा, म्हणजे तिच्या वडिलांनी. आज शुक्रवार. उद्या-परवा सुट्टी. निघा."

गंगूबाईंनी धपाटे बांधून दिले, पण माझ्याकडं न बघता. बाबुरावांनी घरी येऊन सगळी हकिगत आधीच सांगितलेली होती. नात दारात उभी होती, तिला काही कळलं नव्हतं, तिनं हात हलवला.

भूमहून येरमाळ्यापर्यंत एक गाडी, तिथून दुसरी, असा बेत होता. तेरखेड्याच्या पुढं आमच्या गाडीचं चाक बसलं. ड्रायव्हरनं उतरून चाकाला एक लाथ मारली, कंडक्टरनं आणखी एक मारली, आणि दोघं सावलीला जाऊन बसले. महादेवनं एका टेम्पोला हात केला. मागं कांद्याची पोती होती, त्यांच्यावर बसून मी येरमाळ्यात पोचले. अंगाला कांद्याचा वास घेऊन हमरस्त्यावरच्या हॉटेलात चहा घेतला. वर टेकडीवर येडेश्वरीचं देऊळ दिसत होतं. मी विचारलं, जाऊन यायचं का? महादेव म्हणाला, "देवीला ठाव हाय आपण घाईत हाव ते." तिथूनच हात जोडले. तुळजापूरच्या गाड्या शुक्रवारच्या भाविकांनी भरून येत होत्या आणि थांबत नव्हत्या. तिसरी थांबली. दारातल्या पायरीवर उभं राहून मी सव्वादोनला तुळजापुरात उतरले.

अनुराधाच्या वडिलांचं मंदिराच्या रस्त्यावर लहानसं दुकान आहे. कुंकू, परडी, हिरव्या बांगड्या आणि कवड्यांच्या माळा. दगडूकाका सत्तरीच्या घरात. बसल्या बसल्या कवड्या ओवत होते आणि बोलतानाही त्यांचा हात थांबत नव्हता. जावयाला बघून त्यांनी शेजारच्या दुकानातून चहा सांगितला, मला पंख्याखाली बसवलं. "वंदीबरोबर काम करता न तुमी? फोनवर सांगती ती. मीनाताई रागीट हाय पण लई जीव लावती, म्हणती." मी महादेवकडं बघितलं, तो आडव्या मांडलेल्या परड्यांकडं बघत होता.

मी सगळं सांगितलं. दोन नावं, कोरा रकाना, दहा आठवडे. आणि मग म्हटलं, "तेव्हा काका, तुमच्या कार्डावरून तिचं नाव कमी केल्याची नोंद हवी."

दगडूकाकांनी एक कवडी ओवली. "ते केलंच न्हाय," ते म्हणाले. "तिचं नाव हाय अजून आमच्या कार्डावर."

ग्रामसेवक म्हणाले होते की त्याशिवाय सासरी नाव चढत नाही. मग सासरी कसं चढलं? मी महादेवला विचारलं, "दाखला दिला होता ना भूमला?" त्यानं सासऱ्यांकडं एकदा पाहिलं आणि खाली बघत म्हणाला, "आता काय आठवत न्हाय, ताई." सकाळी ज्याला लगेच आठवत होतं त्याला आता आठवेना. मी चिडले. चिडले की माझा आवाज बारीक होतो, ही वाईट खोड आहे. त्याच बारीक आवाजात मी म्हणाले, "काका, ती दोन वर्षं लेकीला मोबाइलवर बघते आहे. तिचा हातातोंडाशी आलेला परवाना एका ओळीसाठी अडलाय. ती ओळ नसेल तर मी आत्ता उठून जाते. असेल तर कचेरी बंद व्हायच्या आत पोचायला हवं."

हात थांबला. त्यांनी माळ खाली ठेवली, टोपी घातली, शेजारच्या बाईला दुकानाकडं बघायला सांगितलं आणि म्हणाले, "चला."

महादेव पाच-सात पावलं पुढं चालू लागला, मुद्दाम. त्या गर्दीतून वाट काढताना दगडूकाका माझ्याकडं न बघता बोलले. "लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आली न, तवा तिनं इचारलं, बाबा, माझं नाव हाय का अजून आपल्या कार्डावर? त्याच्या आधी चार म्हैन्यांनी म्याच सही करून कमी केल्यालं. सासरचे म्हणले, चढवायचंय. मग काय करणार? पण पोर दारात उभी राहून इचारती. म्या म्हणलं, हाय की. दर दिवाळीला इचारती ती. दर दिवाळीला म्या म्हणतो, हाय की." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "आता कागद दिसंल तिला."

मघाशी चढलेला माझा सगळा राग कुठं गेला कळलं नाही. मी म्हणाले, "मी सांगेन तिला, तुम्हाला न विचारता कचेरीतून परस्पर काढला."

"नगं," ते म्हणाले. "एक खोटं बास झालं. त्याला जोड कशाला?"

पुरवठा विभागात एक तरुण बाई होत्या. दगडूकाकांनी उभ्यानं अर्ज लिहिला, अक्षर मोत्यासारखं. जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत होती. त्या बाई पदर खोचून आत गेल्या. आम्ही बाकावर बसलो. मी घड्याळाकडं बघत होते, महादेव जमिनीकडं, दगडूकाका दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडं. सव्वा तासानं त्या बाई कपाळाला धूळ लागलेल्या अवस्थेत बाहेर आल्या आणि उघडं रजिस्टर टेबलावर ठेवलं. "हे बघा. वंदना दगडू शिंदे. विवाहामुळे नाव कमी. सासरचे नाव अनुराधा महादेव गायकवाड, तालुका भूम." पुढं सही, शिक्का, तारीख. सगळं अकरा वर्षांपूर्वीचं, एका ओळीत.

मी ती ओळ तीनदा वाचली. लग्नाच्या रजिस्टराला नवरीचं नवं नाव लिहायला सवड झाली नाही, पण गव्हाच्या रजिस्टरानं लिहून ठेवलं होतं. वंदना आणि अनुराधा एकच, कारण दोघींना मिळून धान्य एकाच माणसाचं. मला तिथंच हसू आलं, आणि हसता हसता रडूही. त्या बाईंनी मला पाण्याचा ग्लास दिला. प्रमाणित प्रतीवर नायब तहसीलदारांची सही व्हायला साडेपाच वाजले. कागद हातात आल्यावर मी कचेरीच्या पायरीवरच बसले. महादेवनं फोटो काढून अनुराधाला पाठवला. मग पहिल्यांदाच तो मनातलं बोलला, "ताई, सकाळी बाबुरावकाकांनी पेन काढलं तवा तुमी आडव्या आल्या नसत्या तर म्या हो म्हणलं असतं. रात्री झोप लागली नसती मला."

दगडूकाकांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्यांच्या घरी ताटं भरतच होती. निघताना गंगूबाईंचा फोन आला. "गावलं म्हणं? आगं मग सांगायचं की लवकर. इकडं म्या देव पाण्यात ठिवल्यात." मी म्हटलं, काढा आता बाहेर. रात्रीच्या सोलापूर गाडीत मी अशी झोपले की कंडक्टरला उठवावं लागलं.

पुढचं सरळ होतं. मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग अनुवाद. सोमवारी अनुराधानं कळवलं की फोटो बघून त्या कार्यालयातल्या बाईनं लिहिलंय, शिक्क्यांसह मूळ प्रत आली की चालेल. भावानं विचारलं, मग भूमला होतं काय? मी त्याला खव्याची पुडी दिली आणि वर म्हणाले, आपण परदेशात नियम कडक म्हणून रडतो, पण नियमानं चालणाऱ्याला नियम शेवटी सोडवतोही, फक्त आपल्या पायाची थोडी झीज करतो. तो खवा खाण्यात गुंतलेला होता.

तिकडं पोचल्यावर दुपारच्या सुट्टीत मी अनुराधासमोर फाईल ठेवली. वाटभर मी वाक्यं जुळवत आले होते. वडिलांनी का केलं, कसं केलं, तू मनाला लावून घेऊ नकोस वगैरे. तिनं कागद वाचला. नावावर आडवी रेघ मारलेली होती, ती तिनं बोटानं चाचपली.

"बाबा बरोबर आलते?" तिनं विचारलं.

"हो. अर्ज त्यांनीच लिहिला."

"काही म्हणले?"

मी रिकामी फाईल सारखी करू लागले. ती हसली. "ताई, भूमच्या कचेरीत हा दाखला म्याच नेऊन दिला होता. त्यात दोन्ही नावं हायत हे काय ध्यानात ऱ्हायलं न्हाय, पण बाबांची सही बघितली की मला कळत न्हाय व्हय? तरी दिवाळीला गेल्यावर इचारलं. ते हाय म्हणले. इतकं बरं वाटलं मला. मग दर दिवाळीला इचारती." तिनं कागद फाईलमध्ये नीट ठेवला आणि डोळे पुसून कामाला गेली.

पाच आठवड्यांनी मान्यतेचं पत्र आलं, मुदत संपायच्या आधी. पाठोपाठ पक्का परवाना. त्या संध्याकाळी माझ्या खोलीत बसून तिनं घरी फोन लावले. लेकीला सांगितलं, आता तुझे कागद करायचे. गंगूबाईंनी दोनदा विचारलं, म्हणजे आता कुणी हाकलणार न्हाय न? मग तिनं तुळजापूरला लावला. स्पीकरवर दुकानाचा गलका येत होता.

"बाबा, तुमच्या कागदानं काम झालं."

"व्हय का," पलीकडून आवाज आला. मग त्यांनी कुणा गिऱ्हाइकाला बांगड्यांचा भाव सांगितला. तिनं तो कागद पाहिलाय हे त्यांना कळलेलं होतं, आणि त्यांना कळलंय हे तिला.

"बाबा," ती म्हणाली, "माझं नाव हाय न अजून आपल्या कार्डावर?"



"हाय की," दगडूकाका म्हणाले. "कुठं जातंय."